चार मीटर दहा सेंटिमीटरांचं दुकान

निवांत सहलीला जायचं नक्की झालं, त्या दिवसापासून ओक्ताव्ह लाबोरीची झोप उडाली.

सहल तशी साधीच होती. दोर्दोन्य नदीच्या काठाकाठाने जायचं, रोज एका गावात मुक्काम करायचा, सकाळी तिथला बाजार हिंडायचा, दुपारी झाडाखाली बसून खायचं, आणि पाचव्या दिवशी, रविवारी, बाराच्या ठोक्याला मुलीच्या घरी जेवायला हजर व्हायचं. सगळं मिळून अंतर दोनशे किलोमीटरसुद्धा भरत नव्हतं. एवढ्यासाठी कुणी काळजी करत नाही. पण ओक्ताव्ह म्हणजे एकेचाळीस वर्षं ग्रंथालयाच्या टेबलामागे काढलेला आणि उभ्या आयुष्यात एकदाही थंड आलेलं सूप परत न पाठवलेला माणूस होता. तो बहात्तर वर्षांचा होता आणि काळजी हाच त्याचा व्यायाम होता.

शिवाय ही नुसती सहल नव्हती, परीक्षा होती. एप्रिलमध्ये गाडी मागे घेताना त्याने मुलीच्या फाटकाचा दगडी खांब आडवा केला होता. "खांब मध्ये आला," असं ओक्ताव्हचं म्हणणं होतं. खांब दीडशे वर्षं तिथेच उभा होता, असं मुलीचं म्हणणं होतं. मुलगी कोरीन प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होती आणि घरातही फळ्यासमोर उभी असल्यासारखीच बोलायची.

"पापा, तू आता गाडी चालवू नयेस."

"का?"

"मला काय विचारतोस? खांबाला विचार."

मग ओक्ताव्हची बायको जिनेत मध्ये पडली. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण वाटाघाटी येत होत्या. शेवटी ठरलं ते असं: ऑगस्ट सरता सरता दोघांनी पाच दिवस फिरून यायचं. पाचव्या दिवशी बारा वाजता गाडी नव्या ओरखड्याशिवाय आणि आई धडधाकट अशी कोरीनच्या दारात उभी राहिली, तर चावी पापाकडे. नाहीतर चावी कोरीनच्या कपाटात, कायमची.

चावी जाणं म्हणजे काय, हे फक्त ओक्ताव्हलाच ठाऊक होतं. ते राहत होते त्या वस्तीत सात घरं, एक कारंजं आणि शून्य बस होत्या. पाववाल्याची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. बुधवारी मात्र ओक्ताव्ह अकरा किलोमीटरवरच्या गावात ग्रंथालयात जायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, आणि चार तास त्याला कुणी काही विचारत नसे. आठवड्यातले उरलेले सहा दिवस तो त्या चार तासांच्या जोरावर काढत असे. चावी गेली की बुधवार गेला. आणि बुधवार गेल्यावर आठवड्यात उरतं काय?

सहलीची बातमी वस्तीत फुटली तशी सल्ले यायला लागले. शेजारी एव्हारिस्त तीस वर्षं मालमोटार चालवून निवृत्त झालेला, त्यामुळे रस्ता या विषयावर त्याच्यापुढे कुणी बोलत नसे.

"चाकांतली हवा रोज बघ. गाडी रस्त्यात बंद पडली तर घालायचं ते पिवळं जाकीट सीटवर ठेव, डिकीत नको. डिकीत ठेवलेलं जाकीट मेल्यावरच सापडतं. आणि गावात शिरलास की उजवीकडे बघ. उजवीकडच्या गल्लीतून येणारा आधी, आपण नंतर. म्हाताऱ्या बायका तिथून डोळे मिटून येतात, कारण हक्क त्यांचा असतो."

"डोळे मिटून?"

"पूर्ण मिटून. मी स्वतः पाहिलंय."

ओक्ताव्हने वहीत लिहून घेतलं: उजवीकडे, मिटलेले डोळे. त्या वहीत गावांची नावं, बाजाराचे वार, आणि प्रत्येक गावात गाडी कुठे लावावी व कुठे लावू नये याचे नकाशे पेन्सिलने काढलेले होते. बाजाराच्या दिवशी बाजाराच्या चौकात गाडी अडकणं ही त्याच्या मते गाडीच्या बाबतीतली सर्वांत मोठी नाचक्की होती. म्हणून त्याने प्रत्येक गावाचा बाजारवार आधी शोधून काढला होता. कुठल्या पुस्तिकेतून, ते नंतर कळेल.

निघायच्या दिवशी जिनेतने डिकी उघडली आणि ती बघतच राहिली.

"ओक्ताव्ह, ही किती पुस्तकं आहेत?"

"एकतीस."

"पाच दिवसांना एकतीस? वाट चुकलो तर शेकोटी करायला का?"

"त्या त्या वेळी काय वाचावंसं वाटेल, सांगता येत नाही."

"मला आत्ता कपडे ठेवावेसे वाटताहेत," जिनेत म्हणाली. पण लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. तिने आपली बॅग मांडीवर घेतली.

पहिले तीन दिवस तसे बरे गेले, म्हणजे ओक्ताव्हचं वजन फक्त दीड किलो उतरलं. पहिल्याच गावात शिरताना उजवीकडच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी दिसली. ओक्ताव्ह थांबला. पांढरी गाडीही थांबलेलीच होती. त्याने हाताने 'आधी तुम्ही' अशी खूण केली. ती हलेना. मागे चार गाड्या जमल्या, एका ट्रॅक्टरने भोंगा वाजवला. सहा-सात मिनिटांनी जिनेत उतरली, पांढऱ्या गाडीत डोकावली आणि परत येऊन बसली.

"आत कुणी नाहीये. लावून ठेवलेली आहे."

"तरी हक्क तिचाच होता," ओक्ताव्ह म्हणाला आणि निघाला.

दुसऱ्या गावात जिनेतने अक्रोड आणि मध घेतला. तिसऱ्या गावात असं चीज घेतलं की त्यानंतर गाडीच्या काचा खालीच राहिल्या. प्रत्येक मुक्कामी ओक्ताव्ह संध्याकाळी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचा, वाकून चारही दरवाजे बघायचा. गाडी सतरा वर्षांची, पिस्त्याच्या रंगाची. जुने ओरखडे त्याला नावानिशी पाठ होते. नवा एकही नव्हता.

शनिवारी संध्याकाळी ते मोंतारेलला पोहोचले. कोरीनचं घर तिथून अवघं बावीस किलोमीटर. गावाच्या मध्यभागी चौक, चौकात म्हातारे चिनार, जुनं दगडी कारंजं, समोर छोटं हॉटेल. आणि चौक रिकामा! ओक्ताव्हला रिकामी जागा दिसली की आधी संशय येतो. तो गाडीतून उतरून खांबावरच्या पाटीकडे गेला आणि त्याने पाटी तीनदा वाचली: गुरुवारी बाजार, पहाटे पाचपासून गाडी लावू नये. वहीतही मोंतारेलपुढे गुरुवारच होता. आज शनिवार, उद्या रविवार. तरी त्याने हॉटेलच्या मालकिणीला विचारावं असं ठरवलं, पण ती फोनवर बोलत होती आणि बोलणाऱ्या बाईला तोडून विचारणं त्याला जमलं नसतं. पाटीखाली जिरेनियमची टांगती कुंडी होती. फुलांचा गच्च लाल गुच्छ. सुंदर गाव, असं त्याच्या मनात आलं. त्याने गाडी कारंज्याशेजारी सरळ रेषेत लावली, चर्चच्या घंटेच्या भीतीने हॉटेलची मागची खोली मागितली, आणि कानांत कापूस घालून चार दिवसांत पहिल्यांदाच शांत झोपला.

सकाळी साडेसातला तो गाडीभोवतीची प्रदक्षिणा घालायला खाली आला. हॉटेलचं दार उघडलं आणि त्याला गाडी दिसली नाही.

दिसत होत्या त्या छत्र्या, ताडपत्र्या, टोमॅटोंचे डोंगर, खरबुजं, लसणाच्या माळा आणि माणसं. सबंध चौकभर बाजार बसला होता. माणसांना 'माफ करा, माफ करा' म्हणत तो कारंज्यापर्यंत पोहोचला. गाडी होती. तिच्या मागे मासळीवाल्याची व्हॅन टेकून उभी होती, एका बाजूला कारंजं, दुसऱ्या बाजूला कोंबड्या भाजायचं फिरतं यंत्र, आणि पुढे बकरीच्या चीजचं दुकान. चीजच्या फळीचं एक टोक सरळ त्याच्या बॉनेटवर टेकलेलं होतं. फळीखाली घडी घातलेलं कांबळं होतं, हे त्याने आधी पाहिलं आणि मग श्वास घेतला.

चीजवाली बाई साठीची, रुंद आणि लालबुंद गालांची होती. नाव लेओंतीन, हे तिच्या ताडपत्रीवरच लिहिलेलं होतं.

"माफ करा, मादाम," ओक्ताव्ह म्हणाला, "ही गाडी..."

"तुमची का? म्हणजे तुम्हीच ते!" लेओंतीन सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पहाटे पाचपासून आम्ही तुमची आठवण काढतोय. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून दुसरी नावं ठेवली. काही काही फार छान होती. भोंगे वाजवले, हॉटेलचं दार ठोकलं. झोपता का मरता तुम्ही?"

"कापूस... कानात कापूस होता."

"ऐकलंत?" ती कोंबडीवाल्याला म्हणाली. "कापूस!"

ओक्ताव्हला कारंज्यात उतरून पाण्याखाली बसावंसं वाटलं. "पण बाजार तर गुरुवारी असतो ना? पाटीवर लिहिलंय."

"गुरुवारी बारा महिने. आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत रविवारीसुद्धा. तीन वर्षं झाली."

तेव्हा त्याला आठवलं की बाजारवार त्याने ज्या पुस्तिकेतून उतरवून घेतले होते, ती ग्रंथालयातली होती, आणि ग्रंथालयातल्या पुस्तिका कधी बदलल्या जातात हे जगात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण त्या त्यानेच कधी बदलल्या नव्हत्या.

तेवढ्यात गर्दीतून निळी टोपी आली. टोपीखाली मॉस्यू बुस्के होते. मोंतारेलचे पोलीस म्हणजे मॉस्यू बुस्के. दुसरे पोलीस नव्हते.

"पिस्ता रंग आपला?" बुस्के म्हणाले. "या माझ्याबरोबर."

त्यांनी ओक्ताव्हला पाटीपाशी नेलं आणि जिरेनियमचा गुच्छ दोन्ही हातांनी वर उचलला. खाली दुसरी छोटी पाटी होती. रविवार. सगळं स्पष्ट अक्षरात.

"पण... फुलं उचलून वाचायचं असतं हे मला कसं कळणार?"

"गावाला फुलांसाठी बक्षीस मिळालंय, मॉस्यू," बुस्के जरा दुखावून म्हणाले. "फुलं कापता येत नाहीत. गाडी उचलावी लागेल. सहा वाजताच उचलणाऱ्या ट्रकला फोन केलाय. रविवारी तो फोन घेत नाही, निरोप ठेवलाय."

"पण ट्रक इथपर्यंत येणार कसा? सगळीकडे दुकानं आहेत."

"नाही येणार. एक वाजता बाजार उठला की येईल."

"एक वाजता बाजार उठला की मी स्वतःच गाडी काढीन की!"

"तुम्हाला नाही काढता येणार. तिच्या उचलण्याचा हुकूम निघालाय. ती आवारात जाईल, तिथून सोडवून घ्यायची. आवार मंगळवारी उघडतं."

"सोमवारी?"

"सोमवारी बंद."

"का?"

"सोमवार असतो म्हणून," बुस्के म्हणाले. या उत्तरावर आजवर कुणी पुढचा प्रश्न विचारलेला नव्हता, आणि ओक्ताव्ह तर मुळीच विचारणार नव्हता.

एव्हाना जिनेत खाली आली होती. एका नजरेत तिने बाजार पाहिला, गाडी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि ती थेट लेओंतीनकडे गेली. दोन मिनिटांत दोघी एकमेकींच्या गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. पाचव्या मिनिटाला लेओंतीनने हाक मारली.

"ए बुस्के! जरा हॅट घाल की!"

बुस्क्यांनी तिच्याकडे पाहिलं, टोपी काढली, बगलेतून गवती हॅट काढून डोक्यावर ठेवली, आणि माणूसच बदलला. मोंतारेलमध्ये पोलीस आणि बाजाराच्या जागांचे कारभारी एकच होते. टोपीतले बुस्के गाड्या हटवायचे, हॅटमधले बुस्के जागा वाटायचे. दोघांची पावतीपुस्तकं वेगळी होती आणि दोघांचं आपसात फारसं पटत नसे.

"आता सांग," लेओंतीन म्हणाली, "मासळीवाल्याची व्हॅन का नाही उचलत?"

"ती दुकानाचा भाग आहे. तिने जागा घेतलीय."

"मग या गाडीलाही जागा दे. कारंज्याजवळचा कुंभार आज आलेला नाही."

बुस्के विचारात पडले. मग त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, तिचं एक टोक ओक्ताव्हच्या हातात दिलं आणि गाडी मोजली. "चार मीटर दहा," ते म्हणाले. "दुकान म्हणून जागा देता येते. पण दुकान म्हणजे विक्री आली. काहीतरी मांडलंच पाहिजे. आणि माणसं हिंडत असताना गाड्या हलवायच्या नाहीत, म्हणून एकच्या आधी कुणालाही दुकान आवरता येत नाही. आवरलंत की जागा गेली, जागा गेली की मला टोपी घालावी लागेल."

"एक?" ओक्ताव्हचा आवाज चिरकला. "बारा वाजता आम्ही जेवायला..."

"एक किंवा मंगळवार," बुस्के म्हणाले.

"काय विकायचं आपण?" ओक्ताव्हने जिनेतला विचारलं. "मध? अक्रोड?"

"विकत घेतलेलं विकायचं तर परवाना लागेल," बुस्के म्हणाले. "आपल्या घरच्या वापरलेल्या वस्तू चालतील. वर्षातून दोनदा. तसं शपथेवर लिहून द्यायचं."

जिनेतने नुसतं डिकीकडे पाहिलं.

"नाही," ओक्ताव्ह म्हणाला. "जिनेत, नाही."

"एकतीस आहेत."

"ती माझी आहेत!"

"तेच तर म्हणतेय. घरची, वापरलेली."

ओक्ताव्हने अर्ज तीनदा वाचला. मग त्याला आठवलं की मार्चमध्ये वस्तीच्या जुन्यापुराण्या वस्तूंच्या जत्रेत त्याने एक दिवा विकला होता. दिवा विकला गेला नव्हता, एका बाईने तसाच उचलून नेला होता. ती विक्री धरायची का? बुस्क्यांनी हॅट मागे सरकवून विचार केला आणि ती एक धरावी असं ठरलं. म्हणजे ही दुसरी, शेवटची. ओक्ताव्हने सही केली ती अशी, जणू देशच विकतोय.

कोरीनला फोन जिनेतने केला. ओक्ताव्ह शेजारी उभा राहून ऐकत होता. ऐकण्यासाठी फोनजवळ कान नेण्याची गरज नव्हती.

"उशीर? किती उशीर? मम्मी, कोकराचा खांदा पहाटे पाचपासून भट्टीत आहे. सात तासांचा खांदा म्हणजे सात तासांचा. जेवण बाराला आहे."

"गाडीला ओरखडासुद्धा नाही गं."

"मग निघा!"

"निघता येत नाही. पापा दुकानात आहे."

"कुठल्या दुकानात?"

"आपल्याच," जिनेत म्हणाली आणि आवाज नीट येत नसल्याचं सांगून तिने फोन ठेवला.

नऊ वाजता गाडीच्या टपावर आणि उरलेल्या बॉनेटवर एकतीस पुस्तकं मांडलेली होती. ओक्ताव्ह मागे उभा होता. आपल्या पुस्तकांना अनोळखी हात लागताना पाहणं म्हणजे दवाखान्यात पडद्याआडून नातेवाइकाचं ओरडणं ऐकणं. त्याने मनाशी ठरवलं की निदान गिऱ्हाईक फसू नये.

पहिला आला तो एक शेतकरी. त्याने सगळ्यांत जाड कादंबरी हातात तोलली, कोंबडी तोलावी तशी.

"ती नका घेऊ," ओक्ताव्ह हळूच म्हणाला. "पहिली शंभर पानं नुसता पाऊस आहे."

"आमच्याकडे जूनपासून थेंब नाही," शेतकरी म्हणाला. "द्या."

मग एका बाईने रहस्यकथा उचलली.

"मादाम, मी सांगायला हवं, खुनी कोण ते मला चौदाव्या पानावर कळलं. आणि मी तसा मंदच आहे."

"म्हणजे मला दहाव्यावर कळेल. नवरा अजून चाळिसाव्यावर शोधत बसेल. बांधा!"

एका तरुण जोडप्याला त्याने सांगितलं की या प्रेमकथेचा शेवट त्याला तीन वेळा वाचूनही पटलेला नाही, कदाचित दोष त्याचाच असेल. दोघं तिथेच कारंज्याच्या कठड्यावर बसून शेवट वाचायला लागली आणि भांडली. भांडण ऐकायला माणसं जमली. आपला माल वाईट आहे असं सांगणारा दुकानदार मोंतारेलच्या बाजारात आजवर कुणी पाहिलेला नव्हता. बघता बघता रांग लागली. चीजच्या रांगेत ती रांग मिसळली, आणि लेओंतीन ओरडली, "पुस्तकवाले डावीकडे, खाणारे उजवीकडे!"

ओक्ताव्ह प्रत्येक गिऱ्हाइकानंतर चर्चच्या घड्याळाकडे बघत होता. दहा. सव्वा अकरा. कोकराचा खांदा भट्टीत, बुधवार टांगणीवर, आणि तो इथे कुणालातरी सांगतोय की कवितेचं हे पुस्तक फारच उदास आहे, त्यापेक्षा खरबूज घ्या.

पावणेबाराला थोडी उसंत मिळाली तेव्हा लेओंतीन हात पुसत त्याच्याजवळ आली.

"माझ्यासाठी एक निवड. शाळा सुटल्यापासून एकही वाचलं नाही मी. लाज वाटते सांगायला."

ओक्ताव्हने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग त्याने ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि बत्तिसावं पुस्तक बाहेर काढलं. ते त्याने जिनेतपासूनसुद्धा लपवलं होतं. बारीकसं, पाठ सुटलेलं. दर हिवाळ्यात तो ते एकदा वाचायचा.

"यात काय वाईट आहे?" लेओंतीनने विचारलं.

"यात काही वाईट नाही," ओक्ताव्ह म्हणाला.

तिने ते अॅप्रनच्या खिशात ठेवलं. त्या क्षणी बारा वाजले. एकेक ठोका त्याला स्वतःच्या डोक्यात पडल्यासारखा वाटला.

बारा पस्तीसला कोरीन आली. स्वयंपाकाचा अॅप्रन तसाच, हातात गाडीची चावी, आणि चालण्यात अख्ख्या शाळेची तपासणी. बाजारात येणाऱ्या एकमेव गल्लीच्या तोंडाशी, दोनच मिनिटांसाठी म्हणून, दिवे लुकलुकत ठेवून तिने आपली निळी गाडी सोडली होती.

"पापा! हे काय चाललंय?"

"कोरीन, पाटीवर फुलं होती. आणि बुस्के... म्हणजे हॅट घातली तर..."

"साडेबारा वाजलेत! मी काय म्हटलं होतं? बारा वाजता. तू सबंध आयुष्यात एकदा, एकदा तरी..." ती थांबली. हात पुढे केला. "चावी दे."

कोंबडीवाल्याने फिरतं यंत्र थांबवलं. ओक्ताव्हने आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं, पण जिनेतनेसुद्धा नजर वळवली. ठरलेलं ते ठरलेलं होतं. त्याने पाटलोणीच्या खिशातून चावी काढली. तिला ग्रंथालयाच्या जुन्या कपाटाचा पितळी बिल्ला होता. बिल्ला सोडवायचा त्याने प्रयत्न केला, सुटेना. शेवटी बिल्ल्यासकट त्याने ती मुलीच्या हातात ठेवली.

"बिल्ला नंतर दे," तो म्हणाला.

एक वाजायच्या बेतात गर्दीतून बुस्के आले. डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली चेहरा पडलेला होता.

"गल्लीच्या तोंडाशी निळी गाडी कुणाची होती?"

"होती?" कोरीन म्हणाली.

झालं होतं ते असं. सकाळी सहाला ठेवलेला निरोप ट्रकवाल्याने बाराला ऐकला. निरोप रद्द करायला हवा होता, पण साडेआठपासून बुस्क्यांच्या डोक्यावर हॅट होती आणि हॅटमध्ये त्यांना टोपीची कामं आठवत नसत. ट्रक आला. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी सगळी वाट अडवून उभी. ट्रकवाल्याला मोंतारेलच्या बाजारातली एक गाडी उचलायची होती. त्याने ती उचलली.

"पण मी दोनच मिनिटं... दिवे लावलेले होते!"

"दिवे चालू होते, खरंय. तसेच लुकलुकत गेले," बुस्के म्हणाले. "आवार मंगळवारी उघडतं."

"उद्या सोमवारी का नाही?"

"सोमवार असतो म्हणून," लेओंतीन, मासळीवाला आणि कोंबडीवाला एका सुरात म्हणाले.

एक वाजला. छत्र्या मिटल्या, व्हॅन निघून गेली, लेओंतीनने फळी उचलून कांबळं झटकलं आणि एक चीज जिनेतच्या पिशवीत टाकलं. चौक पुन्हा रिकामा झाला. पिस्त्याच्या रंगाच्या गाडीवर एकही पुस्तक नव्हतं आणि एकही नवा ओरखडा नव्हता.

"बसा दोघं मागे," कोरीन म्हणाली. "मी चालवते."

ओक्ताव्ह मागे बसला. सतरा वर्षांत तो त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होता. गुडघे कुठे ठेवायचे ते कळेना. त्याला सांगायचं होतं की या गाडीचा मागचा गिअर पुढच्यासारखा वाटतो, आधी जरा दाबून उचलावा लागतो. पण मुख्याध्यापिकेला मध्येच तोडायचं म्हणजे... त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"कोरीन, गिअर जरा..."

"पापा, मला येतं."

गाडी मागे गेली. आधी थोडी, मग एकदम. लांब, कर्कश, दगडाचा आवाज आला. लेओंतीनने डोळे मिटले.

सगळे उतरले. मागच्या दारापासून चाकापर्यंत हातभर लांब पांढरी रेघ उमटली होती.

कोरीनने आधी रेघ पाहिली, मग कारंजं.

"कारंजं मध्ये आलं," कोरीन म्हणाली.

कारंज्यावर दगडात कोरलेलं साल होतं, तीनशे वर्षांपूर्वीचं. ओक्ताव्हला ते स्पष्ट दिसत होतं. जिनेतने बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्याने हळूच तिच्या हातावर हात ठेवला.

"येतं कधी कधी," तो म्हणाला.

कोरीन त्याच्याकडे बघत राहिली. मग ती वाकली, बोटाने रेघेवरची धूळ पुसली, रेघ गेली नाही. ती उठली आणि बिल्ल्यासकट चावी त्याच्या खिशात स्वतःच्या हाताने ठेवली.

"खांदा आता नऊ तासांचा होईल," ती म्हणाली. "चल लवकर."

पण लवकर हे ओक्ताव्हच्या गाडीला माहीत नव्हतं. चौकातून निघाली ती बेताने, कोरीन मागच्या सीटवर, मांडीवर चीज, काचा खाली. गाव संपता संपता उजवीकडे एक गल्ली आली आणि गल्लीच्या तोंडाशी एक हिरवी गाडी उभी होती. ओक्ताव्ह थांबला. हाताने 'आधी तुम्ही' अशी खूण केली. हिरवी गाडी हलली नाही.

मागच्या सीटवरून कोरीनने मान उंचावून गल्लीत पाहिलं.

"पापा," शेवटी कोरीन हळू आवाजात म्हणाली, "आत कुणी नाहीये."

"दिसतंय मला," ओक्ताव्ह म्हणाला. आणि तो आणखी थोडा वेळ थांबला.